कुत्र्याचं विकतचं खाणं कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉग फूडच्या पिशवीची पुढची बाजू जाहिरातीची असते: चकचकीत अंगाचा कुत्रा, चिकनची तंगडी, गाजर-वाटाणे, ‘प्रीमियम’, ‘नॅचरल’, ‘होलिस्टिक’. कामाची माहिती मागे बारीक अक्षरात असते. ती कशी वाचायची आणि वाचून झाल्यावर वाटीत नेमकं किती घालायचं, हे खालच्या बहुतेक उत्तरांत आहे. आकडे निरोगी कुत्र्यांसाठी आहेत. आजारी कुत्र्याचा आहार पशुवैद्यांनीच ठरवायचा.

घरात रोज स्वयंपाक होतो. मग विकतचं कशाला?

सक्ती काहीच नाही. पण दूध-पोळी, दहीभात किंवा नुसत्या चिकन-भातावर कुत्रा वर्षानुवर्षं ठेवला तर उणिवा राहतात. चिकन-भाताचंच बघा. प्रथिनं भरपूर मिळतात, पण बिनहाडाच्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस बऱ्यापैकी असतो. जस्त, तांबं, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई हेही कमी पडतात. मोठ्या कुत्र्यात याचे परिणाम दिसायला महिने जातात. वाढत्या पिल्लाची हाडं मात्र काही आठवड्यांत कमकुवत होऊन पाय वाकायला लागतात.

घरचं खाणंही संतुलित करता येतं. त्यासाठी आहार जाणणाऱ्या पशुवैद्यांकडून ग्रॅममध्ये मोजलेली पाककृती आणि तिच्यासोबतचं खनिजं-जीवनसत्त्वांचं मिश्रण लिहून घ्यावं लागतं आणि ते रोज तसंच पाळावं लागतं. ज्यांना हे जमणार नाही, त्यांच्या कुत्र्यासाठी चांगलं विकतचं खाणं जास्त सुरक्षित आहे.

पिशवीवर सगळ्यात आधी काय शोधायचं?

एक वाक्य: हे खाणं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आहे आणि ते कोणत्या वयासाठी आहे. बहुधा त्यात आफ्को या अमेरिकी संस्थेचं किंवा फेडियाफ या युरोपीय संघटनेचं नाव असतं. दोघांनीही कुत्र्याच्या खाण्यात कोणता घटक किमान किती हवा याचे तक्ते ठरवले आहेत. आफ्कोच्या तक्त्यात ओलावा वगळून प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के फॅट लागतं. पिल्लं आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी हेच आकडे २२.५ आणि ८.५ टक्के आहेत.

एक गैरसमज इथेच दूर करू. आफ्को कोणतंही खाणं तपासत नाही, मंजूरही करत नाही. ‘आफ्को अप्रूव्ह्ड’ असं छापणाऱ्या कंपनीला एक तर नियम माहीत नाहीत, किंवा ग्राहकाला ते माहीत नाहीत असं तिनं धरलेलं आहे.

त्या वाक्याचे दोन प्रकार असतात. एकात खाणं तक्त्याप्रमाणे बनवलं आहे असं म्हटलेलं असतं. दुसऱ्यात ते प्रत्यक्ष कुत्र्यांना खाऊ घालून पाहिलं आहे असं म्हटलेलं असतं. प्रौढांसाठीची आफ्कोची ही चाचणी किमान ८ कुत्र्यांवर २६ आठवडे चालते. चाचणी लहानच आहे, पण कागदावरच्या आकडेमोडीत न दिसणारा पचनाचा घोळ तिच्यात दिसू शकतो.

‘कॉम्प्लिमेंटरी’ असं लिहिलं असेल तर ते पोटभर जेवण नव्हे. ग्रेव्हीची बरीच पाऊच, क्रीमी ट्रीट आणि चघळायच्या काड्या या वर्गातल्या असतात. पाऊच कुत्रा आवडीनं खातो म्हणून महिनोन्‌महिने तेवढंच देणारी घरं खूप आहेत. वाटीत घालण्याआधी पाऊचच्या मागे ‘कम्प्लीट’ हा शब्द सापडतो का ते बघाच.

‘ऑल लाइफ स्टेजेस’ म्हणजे पिल्लाच्या गरजेइतकं सकस. दिवसभर सोफ्यावर लोळणाऱ्या सात वर्षांच्या बीगलला ते जड होईल. ‘सीनियर’साठी आफ्कोचा वेगळा तक्ताच नाही, त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या परीनं लावते.

भारतात हे खाणं सरकार तपासत नाही का?

माणसांच्या अन्नासारखं नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. भारतीय मानक ब्यूरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाण्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे. वैधमापन नियमांप्रमाणे पिशवीवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क हवा. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं. आयातदाराचा स्टिकर नसलेली परदेशी पिशवी कितीही नावाजलेली असली तरी घेऊ नका. ती कुठून आली आणि वाटेत किती महिने उन्हात पडली, हे कळायला मार्ग नसतो.

घटकांच्या यादीत पहिलं नाव ‘चिकन’ आहे. म्हणजे मांस सगळ्यात जास्त?

तसंच असेल असं नाही. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते आणि वजन शिजवण्याआधीचं धरतात. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दाणे भाजून-वाळून निघाले की ते पाणी उडतं आणि पहिल्या क्रमांकाचं चिकन प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या जागी जाऊन बसतं. ‘चिकन मील’ म्हणजे पाणी आणि चरबी आधीच काढलेली पूड, म्हणून तेवढ्याच वजनात तिच्यात प्रथिनं कितीतरी जास्त. ‘मील’ हा शब्द वाचून नाक मुरडायचं कारण नाही.

दुसरी क्लृप्ती धान्य फोडून लिहिण्याची. मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन असे तीन तुकडे केले की प्रत्येक तुकडा चिकनच्या खाली सरकतो, पण तिन्हींची बेरीज चिकनपेक्षा मोठी असू शकते. ‘बाय-प्रॉडक्ट’मध्ये काळीज, हृदय, फुप्फुस असे अवयवही येतात. कुत्र्यासाठी ते सकस असतात. खरी अडचण मोघम शब्दांची आहे. ‘मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स’, ‘सीरियल्स’ एवढंच लिहिलं असेल तर कंपनी बाजारभावाप्रमाणे दर खेपेला प्राणी आणि धान्य बदलू शकते. नाजूक पोटाच्या कुत्र्याला त्याच ब्रँडच्या नव्या पिशवीनं अचानक जुलाब होतात, त्यामागे कधी कधी हे असतं.

‘चिकन फ्लेवर’ म्हणजे फक्त चव. ‘विथ चिकन’ या शब्दांसाठी अमेरिकी नियमात ३ टक्के चिकन पुरतं.

प्रथिनं जितकी जास्त तितकं खाणं चांगलं ना?

टक्क्यावरून दर्जा कळत नाही. पिशवीवरचं ‘क्रूड प्रोटीन’ हे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणून काढतात. नायट्रोजन कोंबडीतून आला, सोयाबीनमधून की पिसांच्या पुडीतून, हे त्या आकड्याला कळत नाही. याच फटीचा गैरफायदा २००७ मध्ये घेतला गेला. चीनहून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिकसाठीचं रसायन मिसळलेलं होतं. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो, त्यामुळे चाचणीत प्रथिनं भरपूर दिसली. प्रत्यक्षात कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि अनेक ब्रँडचा माल बाजारातून परत घ्यावा लागला.

कोरडं आणि ओलं यांची तुलना करताना आधी ओलावा वजा करा. कोरड्या दाण्यात प्रथिनं २४ टक्के आणि ओलावा १० टक्के असेल, तर २४ भागिले ९०, म्हणजे २६.७ टक्के. टिनमध्ये प्रथिनं ८ टक्के आणि ओलावा ८० टक्के असेल, तर ८ भागिले २०, म्हणजे ४० टक्के. वरवर ‘८ टक्के’ दिसणारा टिन प्रथिनांत पुढे निघतो.

पिशवीवर कॅलरी छापलेल्याच नाहीत. कसं कळणार?

कॅलरी न छापणं हाच एक वजा गुण धरा. तरी अंदाज काढता येतो. १०० मधून प्रथिनं, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (खाणं जाळल्यावर उरणारी खनिजं) यांचे टक्के वजा करा, उरतात ती कर्बोदकं. राखेचा आकडा नसेल तर कोरड्या दाण्यासाठी ८ धरा. मग प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी ३.५ नं आणि फॅट ८.५ नं गुणून बेरीज करा.

प्रथिनं २४, फॅट १२, फायबर ४, ओलावा १०, राख ८ असेल तर कर्बोदकं ४२. ऊर्जा: ८४ अधिक १०२ अधिक १४७, म्हणजे १०० ग्रॅमला ३३३ किलोकॅलरी (रोजच्या बोलण्यातली ‘कॅलरी’ ती हीच). पिशवीवरचे टक्के किमान-कमाल स्वरूपाचे असल्यानं आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, पण वाटी भरायला पुरेसा आहे.

दिवसाला किती द्यायचं?

पिशवीवरचा तक्ता ही सुरुवात आहे. तो बऱ्यापैकी धावपळ करणाऱ्या कुत्र्याला धरून केलेला असतो आणि फ्लॅटमधल्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला अनेकदा जास्त होतो.

गरज अशी काढा. कुत्र्याचं वजन किलोत घ्या आणि त्याचा घन करा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोनदा वर्गमूळ काढा आणि ७० नं गुणा. २० किलोसाठी: २० गुणिले २० गुणिले २० म्हणजे ८०००, पहिलं वर्गमूळ ८९.४४, दुसरं ९.४६, गुणिले ७० म्हणजे सुमारे ६६२ किलोकॅलरी. ही स्वस्थ पडून राहण्याची गरज झाली. नसबंदी झालेल्या प्रौढासाठी तिला १.६ नं गुणा, न झालेल्यासाठी १.८ नं. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लासाठी ३ नं, त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत २ नं. वजन उतरवायचं असेल तर १ नं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याचे आकडे असे येतात: ५ किलोला ३७५, १० किलोला ६३०, २० किलोला १०६०, ३० किलोला १४३५ किलोकॅलरी. वरच्या ३३३ कॅलरीच्या खाण्यात २० किलोच्या कुत्र्याला दिवसाचे ३१८ ग्रॅम. हे दोन जेवणांत विभागा.

मोजायचं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. ‘एक वाटी’, ‘एक मग’ यात फार चूक होते, कारण दाण्याचा आकार बदलला की त्याच मगात वजन बदलतं आणि घरातला प्रत्येक जण मग वेगळा भरतो. सकाळी दिवसाचा वाटा वजन करून एका डब्यात काढून ठेवावा आणि सगळ्यांनी त्यातूनच द्यावं. आजोबांनी एकदा आणि मुलांनी पुन्हा एकदा जेवण दिलं, असं मग होत नाही.

तेवढ्यानं त्याचं भागतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

हात लावून. दोन्ही तळवे बरगड्यांवर ठेवा. फार न दाबता बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, पण दुरून सगळ्या मोजता येऊ नयेत. वरून पाहिलं तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी आणि बाजूनं पाहिलं तर पोट मागच्या पायांकडे वर चढलेलं असावं. पशुवैद्यांच्या ९ अंकी मापात हे ४ किंवा ५ होतं. पुढचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण १० टक्के जास्त वजन. दर दोन आठवड्यांनी हात लावून बघा आणि त्याप्रमाणे खाणं ५ ते १० टक्क्यांनी कमी-जास्त करा.

यात कसूर करू नका. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर जन्मभर पाहिलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं गेलं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं आलं, दुसऱ्याचं ११.२. सांधेदुखीचे उपचारही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागले. दोन्ही गटांचं खाणं एकच होतं, फरक फक्त वाटीतल्या मापाचा. ब्रँड निवडायला लोक आठवडे घालवतात आणि माप डोळ्यांनी घेतात. लक्ष जास्त मापाला द्या.

आमचं लॅब्राडोरचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे. पपी फूडबरोबर कॅल्शियम सिरप द्यायचं ना?

नाही. पिल्लू घरी आलं की शेजारी, दुकानदार आणि ब्रीडर हा सल्ला हमखास देतात. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या पायांचं यानं कायमचं नुकसान होऊ शकतं.

प्रौढ कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम बऱ्याच प्रमाणात शोषत नाही. लहान पिल्लाकडे हा आडोसा नसतो, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंच अंगात उतरतं. जास्त कॅल्शियमनं कूर्चेचं हाडात रूपांतर बिघडतं, सांध्याच्या कूर्चेचे तुकडे सुटतात, पुढचे पाय वाकडे होतात. शिवाय जस्ताचं शोषण घटतं आणि कातडी-केस खराब होतात.

हिशेब बघा. पिल्लू रोज ३०० ग्रॅम दाणे खातं, म्हणजे ओलावा वगळून २७०. त्यात कॅल्शियम १.३ टक्के असेल तर सुमारे ३.५ ग्रॅम मिळालं. प्रौढपणी ३२ किलोच्या आसपास किंवा वर जाणाऱ्या पिल्लांसाठी आफ्कोची कमाल मर्यादा १.८ टक्के आहे, म्हणजे इथे ४.९ ग्रॅम. वर चमचाभर, ५ ग्रॅम अंड्याच्या कवचाची पूड टाकली की सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम वाढतं. बेरीज ५.५. एका चमच्यात मर्यादा ओलांडली.

लॅब्राडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांच्यासाठी ‘लार्ज ब्रीड पपी’ खाणं घ्या. त्यात कॅल्शियम आटोक्यात आणि ऊर्जा बेताची असते. पिल्लू गुटगुटीत दिसावं हा हट्टही सोडा. भरभर वाढलेलं वजन कोवळ्या सांध्यांवर पडतं. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोनदा खाऊ घाला. छोट्या जातींना १० ते १२ महिन्यांत, मोठ्यांना १२ ते १८ महिन्यांत प्रौढांच्या खाण्यावर आणा. ग्रेट डेनसारख्यांना दोन वर्षंही लागतात.

आम्ही शाकाहारी आहोत. कुत्र्याला शाकाहारी डॉग फूड चालेल?

निरोगी प्रौढ कुत्र्याला चालू शकतं, पण ते ‘कम्प्लीट’ असलंच पाहिजे. डाळी-सोयाबीनमध्ये मिथिओनीन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि कुत्र्याचं शरीर टॉरिन त्यातूनच बनवतं. टॉरिन घटलं तर हृदयाचा स्नायू कमकुवत होतो. व्हिटॅमिन बी-१२ वनस्पतींत नसतं. व्हिटॅमिन डी कुत्र्याला उन्हातून पुरेसं मिळत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. म्हणून घटकांच्या यादीत मिथिओनीन, टॉरिन, बी-१२ आणि व्हिटॅमिन डी वेगळे घातलेले दिसले पाहिजेत. पिल्लं आणि गाभण कुत्रीसाठी हा मार्ग टाळा. अंडं चालत असेल तर अंड्याच्या प्रथिनांवर आधारलेलं खाणं शोधा, अंड्यात मिथिओनीन चांगलं असतं. मांसाला हात लावायचा नाही एवढीच अडचण असेल, तर बंद पिशवीतले कोरडे दाणे चमच्यानं घालून अनेक घरांनी वाट काढली आहे.

मांजरीला मात्र हे उत्तर लावू नका. तिचं मांसाशिवाय भागत नाही.

ग्रेन-फ्री घ्यावं का? कुत्रा तर लांडग्याचा वंशज.

वंशज असला तरी पोट बदललं आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. शिजवलेला भात, मका, ओट्स बहुतेक कुत्र्यांना नीट पचतात. ग्रेन-फ्री म्हणजे कर्बोदकं नाहीत असंही नव्हे. धान्याच्या जागी वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा येतो.

अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न आणि औषध प्रशासनानं) जुलै २०१८ मध्ये जाहीर केलं की वाटाणे-मसूर यादीत वरच्या क्रमांकावर असलेलं खाणं खाणाऱ्या कुत्र्यांत हृदय फुगून कमकुवत होण्याच्या विकाराच्या तक्रारी येत आहेत. एरवी या विकाराला फारशा बळी न पडणाऱ्या जातीही त्यांत होत्या. नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएनं नियमित माहिती देणं थांबवलं. पण धान्य काढून काही ठोस फायदा होत नसताना हा धोका घ्यायचा कशाला? सध्या तेच देत असाल आणि कुत्रा लवकर दमत असेल, खोकत असेल किंवा चक्कर येऊन पडला असेल, तर हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.

देशी कुत्र्यासाठी वेगळं खाणं लागतं का?

नाही. वय, वजन आणि हालचाल बघून निवडा. जातीच्या नावाच्या पिशव्यांत मुख्यतः दाण्याचा आकार बदलतो. पगच्या चपट्या तोंडाला त्याचा उपयोग होतो, देशी कुत्र्याला कोणताही मध्यम दाणा चालतो.

दाण्यांवर दूध, सूप किंवा घरचं काही घातलं तर?

कोमट पाणी खुशाल घाला. दुधानं बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना जुलाब होतात, कारण वयात आल्यावर लॅक्टोज पचवण्याची ताकद घटते. चिकनचं पाणी घालायचं तर कांदा, लसूण, मीठ, मसाला न टाकता उकळलेलं.

वरखाऊ सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवा. चहाबरोबरचं एक ग्लुकोज बिस्किट सुमारे २५ कॅलरी. ५ किलोच्या पॉमेरियनला चार बिस्किटं म्हणजे दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा संपला. द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री काहीही कधीच नको. शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नकोत.

दुकानात सुटं डॉग फूड स्वस्त मिळतं. घ्यावं का?

घेऊ नका. मोठं पोतं फोडून पारदर्शक पिशव्यांत भरलेल्या मालावर तारीख नसते, बॅच नंबर नसतो, कधी कधी ब्रँडही वेगळाच असतो. पोतं फुटलं की हवा, उजेड आणि दमटपणानं फॅट खवट होतं. दुकानातल्या झुरळा-उंदरांचा भाग वेगळाच. बजेट कमी असेल तर साध्या ब्रँडची सीलबंद छोटी पिशवी या सुट्या ‘इम्पोर्टेड’ मालापेक्षा केव्हाही बरी.

पावसाळ्यात दाणे कसे ठेवायचे?

मूळ पिशवीतच ठेवा आणि पिशवीसकट हवाबंद डब्यात. दाणे थेट प्लास्टिकच्या डब्यात ओतले की तळाशी-कडांना चरबीचा थर बसतो, तो खवट होतो आणि नव्या दाण्यांनाही लागतो. शिवाय पिशवी फेकली की बॅच नंबर गेला.

एफडीएचा सल्ला कोरडं खाणं २७ अंशांखाली ठेवण्याचा आहे. कोकणात, विदर्भात वर्षातले कितीतरी महिने घरात एवढं तापमान मिळतच नाही. त्यावर उपाय म्हणजे पिशवी छोटी घेणं, फोडल्यावर चार ते सहा आठवड्यांत संपेल इतकीच. १० किलोच्या कुत्र्याला रोज १९० ग्रॅम लागत असतील तर महिन्याला ५.७ किलो होतात. त्याच्यासाठी १५ किलोचं पोतं सवलतीत घेणं महागात पडतं. गॅसच्या ओट्याखाली, बाल्कनीत किंवा फ्रिजवर ठेवू नका. कोरडे दाणे फ्रिजमध्येही नकोत, आत-बाहेर करताना पाणी सुटतं.

बुरशीला हलकं घेऊ नका. मक्यावरच्या बुरशीतून आलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत नासवतं, शिजवून नष्ट होत नाही आणि दाण्यावर डोळ्यांना दिसतही नाही. २००५ आणि २०२० मध्ये अमेरिकेत यामुळेच कुत्री दगावली. कुत्र्यानं नव्या पिशवीचं खाणं अचानक नाकारलं, उलट्या झाल्या, हिरड्या पिवळ्या दिसल्या किंवा लघवी गडद झाली, तर ते खाणं बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

टिन किंवा पाऊच उघडल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. वाटीत उरलेलं ओलं खाणं तासा-दोन तासांत उचला. वाटी रोज साबणानं घासा, दाणे हाताळल्यावर हात धुवा. कोरड्या खाण्यातही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू सापडतो.

ब्रँड बदलायचा आहे. एकदम बदलला तर?

पोट बिघडेल. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवं, पुढचे दोन दिवस अर्धं, मग दोन दिवस पाऊण आणि सातव्या दिवशी पूर्ण. नाजूक पोटाला दहा ते चौदा दिवस घ्या. शी थोडी सैल झाली तर आधीच्या पायरीवर दोन दिवस थांबा. रक्त दिसलं किंवा जुलाब दिवसभराहून जास्त टिकले, तर खाण्यावर खापर फोडत बसू नका. पिल्लाच्या जुलाब-उलट्यांना तर एक दिवसही थांबू नका, तो पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार असू शकतो.

सारखा खाजवतो. चिकनची अ‍ॅलर्जी असेल का?

असेलही, पण आधी गोचीड आणि पिसवांचा नायनाट करा. आपल्या हवेत खाजेचं ते फार मोठं कारण आहे. नंतर धूळ-गवताच्या अ‍ॅलर्जीचा विचार. खाण्याच्या अ‍ॅलर्जीचं निदान रक्ताच्या चाचणीनं भरवशाचं होत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) किंवा कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचं खाणं किमान आठ आठवडे द्यावं लागतं आणि त्या काळात दुसरं काहीच नाही, चिकनच्या चवीची जंतांची गोळीसुद्धा नाही. मग जुनं खाणं पुन्हा देऊन खाज परतते का ते बघायचं. दुकानातून उचललेल्या ‘लॅम्ब’च्या पिशवीत अनेकदा चिकनची चरबी किंवा मील असतं. यादी शेवटपर्यंत वाचा.

किडनी किंवा लिव्हरचं खाणं खबरदारी म्हणून आधीपासून द्यावं का?

नको. किडनीच्या खाण्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी केलेले असतात. निरोगी कुत्र्याला ते अपुरं आणि पिल्लाला घातक.

कोरडे दाणे चावून दात साफ होतात ना?

साधे दाणे दातावर आपटताच फुटतात, त्यांचा फारसा उपयोग नाही. मुद्दाम बनवलेल्या मोठ्या, तंतुमय दाण्यांचा होतो. त्यांवर व्हीओएचसी या प्राण्यांच्या दंतआरोग्याच्या परिषदेचं चिन्ह शोधा. बाकी कुत्र्यांच्या टूथपेस्टनं रोज ब्रश.

महाग खाणं परवडेल का, हे कसं ठरवायचं?

किलोच्या भावावरून ठरवू नका, दिवसाचा खर्च काढा. समजा एक खाणं २५० रुपये किलो आणि १०० ग्रॅमला ३२० कॅलरी, दुसरं ४५० रुपये किलो आणि ४०० कॅलरी. २० किलोच्या कुत्र्याला पहिलं ३३१ ग्रॅम, म्हणजे ८३ रुपये. दुसरं २६५ ग्रॅम, म्हणजे ११९ रुपये. पिशवीवर ८० टक्क्यांचा दिसणारा फरक वाटीत ४४ टक्क्यांवर येतो. मात्र जास्त किंमत म्हणजे जास्त चांगलं असा नियम नाही. मधल्या किमतीचं, कॅलरी आणि कॅल्शियमचे आकडे छापणारं खाणं हे सुंदर पिशवीतल्या, माहिती लपवणाऱ्या खाण्यापेक्षा सरस.

कंपनीला काय विचारावं?

ग्राहक सेवेला ईमेल करा: पाककृती कोणी ठरवली आणि त्यांचं पशु-आहारातलं शिक्षण काय? खाणं स्वतःच्या कारखान्यात बनतं की दुसऱ्याकडून करून घेता? प्रत्येक बॅचची अफ्लाटॉक्सिन आणि साल्मोनेलासाठी तपासणी होते का? १०० ग्रॅममध्ये कॅलरी, कॅल्शियम, फॉस्फरस नेमके किती? शेवटच्या प्रश्नाला ‘ते गोपनीय आहे’ असं उत्तर आलं तर दुसरा ब्रँड बघा. पोषणाचे आकडे गोपनीय असण्याचं काही कारण नाही.

पिशवीत बुरशी किंवा किडे निघाले तर?

खाणं थांबवा. पिशवी, उरलेले दाणे आणि बिल जपून ठेवा. बॅच नंबर, तारीख आणि दाण्यांचे स्पष्ट फोटो काढा. साधारण पाव किलो दाणे वेगळ्या झिपच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, पुढे प्रयोगशाळेत द्यावे लागले तर उपयोगी पडतील. कुत्रा आजारी असेल तर डॉक्टरांच्या कागदावर खाण्याचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. कंपनीला लेखी कळवा, फोनवर भागवू नका. उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.